भाऊसाहेबांचं एक वाक्य

टीं, टीं, टीं, टीं.

फ्रीजचं दार कुणीतरी अर्धवट लोटून आलं होतं. एरवी त्या आवाजाकडे घरात कुणाचं लक्षही जात नाही. पण तालमीत हॉल इतका चिडीचूप झाला होता की तो आवाज एकदम अंगावर आला. संचिताच्या मांडीवर पेंगुळलेली सान्वीसुद्धा दचकून उठली. मग सगळेच हसले. हर्षित सगळ्यांत मोठ्याने.

"बघा काकू, आता फ्रीजपण प्रॉम्प्टिंग करायला लागला!"

"फ्रीजचं सोड. वाक्य तुझं आहे," नंदाकाकू म्हणाल्या. त्यांना हसू आलं नव्हतं. "पुन्हा घेऊ. 'माझं सगळं सांगून झालं' इथपासून."

संचिताने पलीकडे हात करून फ्रीजचं दार ढकललं आणि पुन्हा पान धरलं.

मानपाडा रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत वर्धापनदिनाला नाटक झालं नाही असं वर्ष नव्हतं. यंदा नंदाकाकूंनी आजोबांच्या काळातलं एक तीन अंकी विनोदी नाटक काढलं होतं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. तालमीला सुद्धा इस्त्रीची साडी नेसून यायच्या. नाटकाची गोष्ट एवढीच, की भाऊसाहेब नावाचे एक गृहस्थ कुसुमला बघायला येतात आणि तीन अंक स्वतःची फजिती करून घेतात. कुसुमचं काम संचिताची धाकटी बहीण योगिनी करत होती. भाऊसाहेबांचं काम करणाऱ्याची ऐन वेळी नागपूरला बदली झाली, तेव्हा संदेशला, म्हणजे संचिताच्या नवऱ्याला, आपला मामेभाऊ आठवला.

"हर्षितला घ्या की. कॉलेजात बक्षिसं घेतलेली त्याने. आणि दोघांची भेट पण होईल तालमीच्या निमित्ताने."

कारण योगिनीचं लग्न याच हर्षितशी ठरत आलं होतं. नाटकानंतरच्या रविवारी साखरपुडा. स्थळ संचितानेच आणलेलं.

योगिनी तिशीला टेकली होती. कळव्याच्या एका लॅबमध्ये नोकरी, उंची जरा जास्त, बोलणं तोडून. आधीची दोन स्थळं बोलणी होऊन फिसकटली होती आणि तेव्हापासून कळव्याच्या घरात बाबा टीव्हीचा आवाज सुद्धा मोठा करत नसत. हर्षितने होकार दिला त्या दिवशी आईने फोनवर नुसतं "हो का गं, हो का गं" एवढंच म्हटलं होतं. बाळकुमला टॉवरमध्ये स्वतःचा फ्लॅट, व्यसन नाही, हसतमुख. येताना सान्वीला काहीतरी घेऊन येणार, आल्या आल्या मोठ्यांच्या पाया पडणार. आणखी काय पाहायचं असतं?

तालमी संचिताच्याच घरी व्हायच्या आणि ती प्रॉम्प्टर होती. स्टेजवर जाण्याइतका वेळ तिला नव्हता. सान्वीची शाळा, डबे, सासूबाईंची औषधं यांतून उरलेली संध्याकाळ ती पडद्यामागच्या खुर्चीला द्यायची. तेही सान्वीला मांडीवर घेऊन. पोरगी तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून ऐकत राही, आणि आंघोळीच्या वेळी भाऊसाहेबांची वाक्यं म्हणून दाखवी.

प्रॉम्प्टिंगचं एक असतं. सगळे नट आपापलं वाक्य ऐकतात. प्रॉम्प्टर सगळ्यांची ऐकतो. कोण कुठे श्वास घेणार, कोण कुठे अडखळणार, हे महिन्याभरात संचिताला अंगात भिनल्यासारखं कळायला लागलं. आणि हर्षित अडखळत नव्हताच. तो हुशार होता. मूळ वाक्याला आपल्या पदरचं एखादं जोडायचा आणि सगळी तालीम हसून लोळायची. फक्त तिसऱ्या अंकात एका ठिकाणी त्याचं गाडं नेमकं थांबायचं.

तिथे भाऊसाहेब टोपी काढून हातात घेतात आणि म्हणतात, "कुसुमताई, माझं सगळं सांगून झालं. आता तुम्हाला काय वाटतं, ते सांगता?" त्यावर कुसुमचं मोठं बोलणं आहे. नाटकातलं सगळ्यांत चांगलं. योगिनीने ते लॅबमध्ये, रिक्षात, भाजी घेताना म्हणून म्हणून पाठ केलेलं.

हर्षित "माझं सगळं सांगून झालं" इथवर यायचा. मग गप्प.

"आता तुम्हाला काय वाटतं, ते सांगता?" पडद्यामागून संचिता म्हणायची.

"तेच ते," हर्षित हात उडवायचा, आणि योगिनी सुरू करायची.

सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. मग नंदाकाकूंच्या कपाळावर आठी दिसायला लागली.

"काकू, खरं सांगू का?" हर्षित एकदा म्हणाला. "कट करू हे. एवढं लांब कोण ऐकतं आजकाल? मी टोपी काढतो, डायरेक्ट 'चला, मुहूर्त काढा!' लोक टाळ्या वाजवतील."

"आणि कुसुमने काय करायचं?"

"लाजायचं!"

सगळे हसले. योगिनीही हसली. तिच्या हसण्याचा सूर थोडा उशिराने लागला, हे फक्त प्रॉम्प्टरला कळलं.

त्या दिवशी चहा झाल्यावर नंदाकाकूंनी सगळ्यांना बसवून घेतलं.

"हे नाटक लोक विसरले नाहीत ते कशामुळे, ठाऊक आहे? भाऊसाहेब पूर्ण नाटकात एकही वाईट शब्द बोलत नाही. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. सगळं गोड. पण कुसुमबद्दल बोलताना त्याचे शब्द ऐका. टिकेल. पुरेल. चालवून घेऊ. थोडं घासलं की उजळेल. असे शब्द आपण कुठे बोलतो?"

मग त्यांनीच हवेत पातेलं धरून बोटाने वाजवल्यासारखं केलं.

"बोहारणीच्या पाटीपुढे बसून! जुनी पँट द्यायची आणि पातेलं हातात घेऊन वाजवून बघायचं. लेखकाने त्याला खलनायक केलेलं नाही. फक्त त्याच्या तोंडी भांड्यांचे शब्द दिलेत. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याला कळतं, की हा माणूस पोरीकडे बघतच नाहीये."

"भारी!" हर्षित म्हणाला. मनापासून म्हणाला. "म्हणजे काकू, मी आजच्या भाषेत करू का ते? अपडेट होईल, सर्व्हिसिंग केलं की पळेल, असं?"

संचिता कप गोळा करत होती. तिचा हात ट्रेवरच थांबला.

चालवून घेऊ.

हे तिने ऐकलं होतं. नाटकात नाही, इथेच, याच सोफ्यावर, पहिल्यांदा बोलणी झाली तेव्हा. तिने भीत भीत सांगितलं होतं, की योगिनीला स्वयंपाकाची फारशी सवय नाही. हर्षित किती प्रेमाने हसला होता! "चालवून घेऊ हो वहिनी." आणि तिने कळव्याला फोन करून काय सांगितलं? "आई, तो म्हणाला, मला योगिनी आहे तशी आवडली."

असं तो म्हणालाच नव्हता.

भांडी घासताना तिला एकेक आठवत गेलं. योगिनीला पुण्याला सहा महिन्यांचं ट्रेनिंग मिळत होतं, रक्तपेढीचं. हर्षित म्हणालेला, "करू दे की, हौस फिटेल. नंतर मम्मी आहेच वळण लावायला." संचिताने बहिणीला सांगितलं: "त्याचा फुल सपोर्ट आहे गं." योगिनीच्या तुटक बोलण्याबद्दल तो म्हणालेला, "ते निघेल." संचिताने सांगितलं: "तुझा स्पष्टपणा आवडला त्याला." ती खोटं बोलली नव्हती. असं तिला वाटत होतं. ती फक्त इकडचं तिकडे नेताना जरा पुसून, नीट करून नेत होती, सगळेच नेतात. मध्यस्थाचं कामच ते.

फेस हातावर वाळून गेला तरी ती नळ सोडायची विसरली.

"शब्दांवरून काय माणूस ओळखतात का?" संदेश म्हणाला. तो सान्वीच्या बुटांना पॉलिश करत होता. "आमच्याकडे सगळे असंच बोलतात. मी नाही बोलत?"

"म्हणूनच तर इतके दिवस कानाला खटकलं नाही."

संदेशने ब्रश थांबवला. "म्हणजे?"

"काही नाही."

"हे बघ संचिता. हॉल बुक झालाय. मामाला मी शब्द दिलाय. तू प्रॉम्प्टर आहेस ना? प्रॉम्प्टरने वाक्य द्यायचं. मत नाही." तो गमतीनेच म्हणाला, पण बूट जरा जोरात खाली ठेवला.

योगिनीशी बोलणं तर याहून अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी संचिता मुद्दाम लॅब सुटायच्या वेळी कळव्याला गेली. नाक्यावरच्या रसवंतीत दोघी बसल्या. सान्वी उसाच्या रसाच्या मिशा लावून घेत होती.

"तुला काय वाटतं गं हर्षितबद्दल?"

"मला काय वाटायचंय? तूच तर सांगितलंस सगळं. चांगला आहे, सपोर्टिव्ह आहे."

"मी सांगितलं ते सोड. तो स्वतः काय बोलला तुझ्याशी? तुला कधी काही विचारलं?"

योगिनीने ग्लास खाली ठेवला. "ताई, तू काय करतेयस? आता? साखरपुड्याच्या साडीचा ब्लाउज शिवायला टाकून झाला. बाबा परवा स्वतःहून मिठाईचा भाव विचारून आले. ते कुठे बाहेर पडत होते आधी? आणि आता तू म्हणतेस, तो काय बोलला?"

"मी फक्त…"

"तूच आणलंस. तूच म्हणालीस, योगे, हा वेगळा आहे. हे पण मोडलं ना, तर पुन्हा मला कुणी दाखवायला बसवू नका." तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग येत होता. "जुळवून घेईन मी. तू नाही घेतलंस?"

रसवंतीचा चरक करकरत फिरत राहिला. संचिताने सान्वीच्या मिशा रुमालाने पुसल्या. जरा जास्तच वेळ पुसल्या.

रंगीत तालीम रविवारी दुपारी होती, सोसायटीच्या हॉलमध्ये. कपडे, मेकअप, दिवे, सगळं खऱ्यासारखं. घरची माणसं बघायला बोलवायची पद्धत होती. पहिल्या रांगेत एका बाजूला कळव्याहून आलेले आई-बाबा. बाबांनी लग्नकार्याचा पांढरा शर्ट घातलेला. दुसऱ्या बाजूला हर्षितची मम्मी, म्हणजे संदेशच्या मामी. मध्ये संदेश, दोन्हीकडे पाण्याच्या बाटल्या देत.

विंगेत स्टुलावर संचिता. पायाशी सान्वी, ओढणी धरून.

पहिला अंक छान गेला. दुसऱ्याला तर बाबा हसले. संचिताने विंगेतून ते पाहिलं. किती वर्षांनी ते असे मान मागे टाकून हसत होते! हर्षित रंगात आला होता. "सर्व्हिसिंग केलं की पळेल"ला शिट्टी आली. मामी मागे वळून कुणालातरी सांगत होत्या, "माझा मुलगा!"

तिसरा अंक सुरू झाला तसं संचिताने पानावर बोट ठेवलं. आज तो बोलेल, ती स्वतःशी म्हणाली. खरे प्रेक्षक आहेत, आज बोलेल. बोल रे बाबा. एकदा बोल, मी सगळं विसरून जाईन.

हर्षितने टोपी काढली.

"कुसुमताई, माझं सगळं सांगून झालं."

आणि थांबला.

वाक्य संचिताच्या ओठांवर होतं. इतक्या तालमींची सवय. जीभ आपोआप टाळूला लागली होती. आणि त्याच क्षणी तिला कळलं, की इतके दिवस योगिनीला हे कोण विचारत आलंय. हर्षितने एकदाही विचारलं नव्हतं. पडद्यामागून तीच विचारत होती, आणि बहीण बहिणीलाच उत्तर देत होती.

तिने ओठ मिटून घेतले.

हर्षितने विंगेकडे पाहिलं. भुवया उडवल्या. पलीकडच्या विंगेतून नंदाकाकू हाताने खुणावत होत्या: दे, दे! प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. प्रॉम्प्टरने नटाला असं उघडं पाडायचं नसतं. याहून मोठं पाप त्या खुर्चीत नाही. संचिताने मान खाली घातली, पण तोंड उघडलं नाही.

"तर मग!" हर्षित सावरला. टाळी वाजवली. "चला, मुहूर्त काढा!"

हशा झाला. बत्ती बदलणारा मुलगा बटणाकडे वळला. पण योगिनी जागची हलली नाही. नऊवारीत, नथ घालून, ती तशीच उभी राहिली.

"भाऊसाहेब, तुमचं वाक्य राहिलं."

आणखी हशा.

"कुठलं बुवा?"

"मला विचारायचं होतं तुम्ही."

हर्षित प्रेक्षकांकडे वळला, डोळा मारला. "हिला काय विचारायचं? आमच्याकडे विचारत नाहीत, चालवून घेतात!"

हॉल दणाणला. मामी तर टाळ्या देत होत्या. तो हशा ओसरायच्या आत हर्षित योगिनीकडे वळला, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, दात न उघडता म्हणाला,

"शहाणपणा बस कर. नंतर बघतो तुला."

ते पहिल्या रांगेतही पोचलं नाही. विंगेत पोचलं. सान्वीने आईच्या गुडघ्याला घट्ट मिठी मारली.

योगिनी त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्या नमुन्याचा रिपोर्ट पुन्हा एकदा नीट तपासावा, तशी.

मग प्रेक्षकांकडे वळून, स्वच्छ आवाजात म्हणाली, "मुहूर्त काढू नका." आणि चालत विंगेत आली.

लोकांना वाटलं, नाटकाचा शेवटच तो. अशा कडाडून टाळ्या पडल्या की बत्तीवाल्या मुलाने गोंधळून पडदाच पाडला. फक्त बाबा टाळ्या वाजवत नव्हते. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते पडद्याकडे बघत बसले होते.

विंगेत योगिनी नथ काढत होती. फासा अडकला होता. संचिताने उठून तो सोडवला.

"तू मुद्दाम नाही दिलंस."

"हो."

"पुढच्या आठवड्यात लग्नाची खरेदी होती माझी, ताई."

"हो."

योगिनीने नाक पुसलं. काजळ गालावर आलं. "तू दिलं असतंस ना, तर आज पण मी बोलले असते सगळं भाषण. घडाघडा. आणि वाटलं असतं, त्यानेच विचारलं." ती कसंनुसं हसली. मग नऊवारीचा पदर खोचून सरळ पायऱ्या उतरली आणि मामींच्या समोर जाऊन उभी राहिली. हात जोडले. "काकू, रविवारी येऊ नका. मला नाही करायचं हे लग्न."

"अगं, नाटकात गंमत केली त्याने! एवढ्यावरून?"

"नाटकात नाही केली, काकू."

पुढचा अर्धा तास संचिताला नंतर नीट आठवला नाही. मामींचा चढलेला आवाज, हर्षितचं "अरे यार, सिरियसली?", संदेशचं मामांना फोनवर "नाही, नाही, मी बघतो", आणि आईचं रडं. बाबा उठून योगिनीजवळ गेले. तिच्या खांद्यावरचा घसरलेला शेला उचलून घडी करून हातात धरला, आणि म्हणाले, "चल, रिक्षा बघू."

नंदाकाकू जाता जाता संचिताजवळ थांबल्या. "प्रॉम्प्टर म्हणून तुला पुन्हा घेणार नाही मी," त्या म्हणाल्या, आणि तिचा हात दाबला.

घरी येताना संदेश पुढे चालत होता. जिन्यात एकदाच वळला.

"झालं समाधान? माझ्या मामाकडे आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मी एक शब्द बोलले नाही, संदेश."

"तेच तर केलंस!"

त्याने हॉलमध्ये टीव्ही लावला. संचिताने सान्वीला आत नेलं, तिच्या गालावर लागलेला योगिनीचा पावडर-रंग खोबरेल तेलाने पुसला, वेण्या सोडल्या. खिडकीबाहेर अजून उजेड होता. मुलं खाली क्रिकेट खेळत होती. बहिणीचं लग्न मोडलं होतं. घर किती दिवस बोलणार नव्हतं, कोण जाणे. ती पोरीच्या केसांतून हळूहळू फणी फिरवत राहिली. तेवढंच एक काम या क्षणी तिला नीट जमत होतं.

"आई, योगूमावशी का नाही करणार लग्न?"

"तिला नाही वाटलं करावंसं."

"हर्षितकाका ओरडला म्हणून?"

"म्हणून पण. आणि… त्याने तिला कधी काही विचारलंच नाही बाळा. लग्न करायचं तर आधी दुसऱ्या माणसाला विचारावं लागतं, तुला काय वाटतं, तुला काय हवंय."

"सगळ्यांना विचारतात?"

"विचारायला हवं."

सान्वीने विचार केला. फणी केसांत तशीच ठेवून ती मागे वळली आणि आईच्या तोंडाकडे बघू लागली. बाहेर हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला.

"मग बाबांनी तुला काय विचारलेलं?"